सिडकोतलं घर

नाशकात ‘सिडकोत राहतो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या चौकात? त्रिमूर्ती, राणाप्रताप, शिवाजी की पवननगरकडे? सिडको महामंडळ 1970 साली स्थापन झालं ते नवी मुंबई उभारण्यासाठी. पुढे त्याने मोरवाडी, कामटवाडे, उंटवाडी, अंबडच्या शिवारात नवीन नाशिक वसवायला घेतलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागलेल्या माणसाला हप्त्यावर स्वतःचं घर मिळावं, हा हेतू. सहा योजना झाल्या, घरं पंचवीस हजारांच्या आसपास.

आमचं घर त्यातलंच. एक खोली, स्वयंपाकघर, मागे मोरी-संडास आणि दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पलीकडे खलबत्ता वाजला की आज ठेचा आहे हे इकडे कळायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजताना मात्र आईचा नेहमी घोळ व्हायचा. आपली कोणती आणि शेजारची कोणती!

गल्लीत निम्मी बिऱ्हाडं जळगाव-धुळ्याकडची. आम्हीही अमळनेरकडचे. त्यामुळे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसली की सिडकोचा खानदेश होतो. घरच्यांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून रोटांसाठी दळायचे, नारळाला डोळे-नथ लावून सजवायचं, पुरणपोळीबरोबर गंगाफळाची भाजी. रात्रभर गाणी. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन बायका फुगड्या घालत निघतात, तेव्हा त्या अरुंद गल्लीतून सायकलसुद्धा जात नाही. कोणी कुरकुरतही नाही. गावाकडून नाशकात आलेल्यांना या वसाहतीने घरापेक्षा मोठं काही दिलं असेल तर ते हे.

सोयींचं गणित वेगळं. ग्लासगोच्या कडेला असलेल्या ईस्टरहाउस वसाहतीत 1950च्या दशकात घरं आधी आली, दुकानं आणि करमणुकीच्या जागा फार उशिरा. इथे तसं झालं नाही. शाळा, भाजीबाजार, मोकळ्या जागा मूळ नकाशापासूनच होत्या. (इथला पेलिकन पार्क वर्षानुवर्षं बंद पडून राहिला, तो भाग सोडा.) अडचण आली ती माणसं वाढल्यावर.

मुलं मोठी झाली, सुना आल्या, आणि बाजूला सरकायला जागा नसल्याने घरं वर गेली. एकावर दोन, दोनावर तीन मजले. गॅलऱ्या गल्लीवर आल्या. काही ठिकाणी विजेच्या तारा हाताला लागतील इतक्या जवळ. ज्या ड्रेनेजला एका चुलीचं पाणी वाहायचं होतं, त्यात आता तीन स्वयंपाकघरांचं जातं. पावसाळ्यात चेंबर तुंबलं की गल्लीभर माणसं लुंगी खोचून, बांबू घेऊन उतरतात. घरटी एक सायकल धरून आखलेल्या रस्त्यावर रात्री दुचाक्या हँडलला हँडल लावून उभ्या असतात, आणि पहाटेच्या पाळीला जाणाऱ्याची गाडी नेमकी भिंतीकडची निघते.

धाकट्या भावाने पाथर्डी फाट्याला फ्लॅट पाहिला. पार्किंग, लिफ्ट, सगळं नवं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “लिफ्टमा कानबाईले कसं लई जासूत?”

फ्लॅटचा विषय तूर्त मागे पडला आहे. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबसाठी गवंडी येऊन माप घेऊन गेलाय.