पाल्मिराच्या लेकी

सीरिया म्हटलं की आता युद्धच आठवतं. आम्ही गेलो ते २००८ साली. यांची नोकरी आखातात होती आणि सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. दमास्कसहून तीन तास नुसतं वाळवंट, आणि मग एकदम खजुरीचं हिरवंगार बन. त्याच्या कडेला पाल्मिरा. तिथले लोक तद्मुर म्हणतात. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, म्हणून आईंनी खांबांच्या सावलीतच दशम्या-चटणीचा डबा उघडला.

हे रोमन साम्राज्यातलं व्यापाऱ्यांचं गाव. इथले उंटांचे तांडे इराणच्या आखाताच्या वाटेने जायचे, आणि तिथून जहाजं पार सिंधूच्या मुखापर्यंत. मोठ्या रस्त्यावरच्या खांबांना मध्यावर दगडी फळी बाहेर काढलेली दिसते. त्यावर पुतळे असत. तांडा सुखरूप घरी आणणाऱ्या सावकारांचाही असा मान होई. इ. स. १३७ मध्ये तर जकातीचे दर दगडावर कोरून लावले होते. उंटाच्या ओझ्याला किती, गाढवाच्या ओझ्याला किती, तेलाच्या बुधल्याला किती! तो दगड आता रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. हे दुकानदाराचे चिरंजीव, त्यामुळे तेवढंच ऐकून खूश.

पुढे झेनोबिया राणीने रोमशी वैर घेतलं, २७२ मध्ये सम्राट ऑरेलियनने तिला हरवलं आणि गावाची भरभराट संपली. तरी माणसं राहतच होती. बेलच्या देवळाचं चर्च झालं, मग मशीद झाली. त्याच्या आवारात मातीची घरं बांधून लोक १९३० च्या सुमारापर्यंत नांदत होते, मग त्यांना बाहेर हलवलं.

मला खरं सांगायचंय ते थडग्यांबद्दल. गावाबाहेर दगडी मनोरे होते. एकेका घराण्याचा एकेक मनोरा, त्याला ते ‘चिरंतन घर’ म्हणत. एलाहबेलच्या घराण्याचा मनोरा इ. स. १०३ मधला, चार मजली. आत भिंतीत फडताळासारखे खण, खणात एकेक माणूस, आणि पुढे झाकणाला त्याचा दगडी चेहरा. मृतांना गुंडाळलेल्या कापडांत चीनचं रेशीमही सापडलंय. (किड्यांच्या हिंसेमुळे आपण कितीजणी रेशीम नेसत नाही, आणि हे लोक ते मातीआड करत होते!)

गावातल्या म्युझियममध्ये त्या बायका जवळून पाहिल्या. डोक्यावर पदर, एक हात पदराला, दुसऱ्या हातात चाती. एकीच्या छातीवरच्या पिनेला किल्ली लटकवलेली. आईंचा हात आपोआप कमरेच्या जुडग्याकडे गेला. डोक्याशेजारी अक्षरं होती. त्यांनी मला विचारायला लावलं, काय लिहिलंय? वाटाड्याने वाचलं: अमकी, अमक्याची मुलगी, आणि शेवटी एक छोटा शब्द, ‘हबल’. म्हणजे ‘हाय हाय’. पुढचीलाही तेच. तिच्या पुढचीलाही.

“लग्न झालेल्या असतील ना गं या?” आई म्हणाल्या. बऱ्याचजणी होत्या. काहींच्या शेजारी नवऱ्याचंही नाव होतं, पण बापाचं पुसलेलं नव्हतं.

परत येताना गाडीत आईंनी मला त्यांचं माहेरचं नाव सांगितलं. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या. मला त्या घरात येऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि मी ते कधी ऐकलंच नव्हतं. ते नाव इथे लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं.

२०१५ मध्ये अतिरेक्यांनी पाल्मिरा घेतलं. बेलचं देऊळ उडवलं, एलाहबेलचा मनोराही. ज्यांनी चाळीस वर्षं त्या अवशेषांची देखभाल केली, त्या ऐंशी ओलांडलेल्या खालेद अल-असद यांना ठार मारलं. म्युझियममधल्या पुष्कळ वस्तू त्याआधीच दमास्कसला हलवल्या होत्या. टीव्हीवर धुराचा लोट दिसला तेव्हा आईंनी एवढंच विचारलं, “ती चातीवाली राहिली का?” मला सांगता आलं नाही.

आई गेल्या २०१९ मध्ये. पत्रिकेत सासरच्या नावाखाली मी माहेरचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव घालायला सांगितलं. छापखान्यातला मुलगा म्हणाला, “काकू, दोन दोन नावं? लोक गोंधळतील.” हे म्हणाले, “छाप.”

पत्रिका मिळाल्यावर त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. अजून पाच पाठव, म्हणाल्या.