इयत्ता शून्य

मानसशास्त्र शिकतेय म्हटलं की समोरचा माणूस ठरलेल्या दोन वाक्यांपैकी एक बोलतो. "मग सांगा बघू, माझ्या मनात काय चाललंय?" नाहीतर, "बरं झालं, आमच्या ह्यांना आणते एकदा तुमच्याकडे." पण मी फाउंडेशन इयर करतेय हे कळलं की तोच आवाज जरा खाली येतो. आमच्या लंडनमधल्या हॅरोतल्या मराठी मंडळींत कुणाचा मुलगा मेडिसिनला, कुणाची मुलगी इम्पीरियलला. त्यात फाउंडेशन म्हणजे थेट प्रवेश न मिळालेल्यांची रांग. चाळिशी ओलांडलेली बाई त्या रांगेत दिसली की लोकांना काय बोलावं ते सुचत नाही.

इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची. ज्यांच्याकडे ए-लेव्हल (इथली बारावीच्या तोलाची परीक्षा) नाहीत, किंवा आहेत पण मार्क कमी पडलेत, किंवा जे फार वर्षांनी पुस्तकाकडे वळताहेत, त्यांना काही विद्यापीठं आधी एक पायाभूत वर्ष देतात. यूकॅस या विद्यापीठ-प्रवेशाच्या सामाईक यंत्रणेवर अर्ज एकच, प्रवेश चार वर्षांचा. या वर्षाचे मार्क सहसा पदवीच्या श्रेणीत धरत नाहीत. फक्त पास होऊन पुढे सरकायचं. त्याला सर्रास 'इयर झिरो' म्हणतात.

मी सांगलीहून बारावी कॉमर्स केलं, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं आणि परीक्षा राहून गेली. त्या अर्धवट बी.कॉम.चा आयुष्यात पहिला उपयोग इथे झाला. ज्याच्याकडे आधीच पदवी आहे, त्याला दुसऱ्या पदवीसाठी सरकारी विद्यार्थी-कर्ज साधारणपणे मिळत नाही. पुण्याहून बी.ए. करून आलेल्या माझ्या मैत्रिणीला हाच कोर्स स्वतःच्या खिशातून करावा लागला असता. मला कर्ज मिळालं. ऑगस्ट २०२३पासून कोर्स सुरू करणाऱ्यांना पगार वर्षाला २५ हजार पौंडांवर गेला की वरच्या रकमेच्या ९ टक्के फेड सुरू होते, आणि ४० वर्षांनी जे उरेल ते माफ. त्या वेळी मी हिशेब विचारायला असेन की नाही, हा प्रश्न मी सोडून दिला.

शिकायचं का, याचं उत्तर माझ्या नोकरीत होतं. मी प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. ज्या मुलांना जास्तीच्या मदतीची गरज असते त्यांच्या शेजारी बसते. अधूनमधून एक शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ येतात, मुलाला तासभर पाहतात आणि अहवाल लिहितात. वर्षभर त्या मुलाशेजारी बसूनही मला जे मांडता आलं नव्हतं, ते त्यात दोन परिच्छेदांत असायचं. हे कसं करतात, एवढंच मला पाहायचं होतं.

वर्गात बहुतेक जण अठरा-एकोणीसचे. शिकवणाऱ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची. हे मला वर्षअखेरीपर्यंत जड गेलं आणि मी "एक्सक्यूज मी"वर काम भागवलं. पहिल्या निबंधाला ५८ मिळाले. फोनवर आईला सांगितलं तर तिकडे शांतता. तिच्या नातवंडांना दहावीत ९२ टक्के आहेत. इथे सत्तरला प्रथम श्रेणी आणि साठला चांगली द्वितीय, हे मी समजावलं. तिला ते माझं सारवासारवीचं बोलणं वाटलं असणार.

५८ कशामुळे, ते समासात लिहिलेलं होतं. जिथे जिथे मी "मुलं अशी वागतात" म्हटलं होतं, तिथे तिथे एकच शेरा: पुरावा? शाळेतली माझी इतकी वर्षं त्या कागदावर पुरावा धरली जात नव्हती. राग आला. पण तो राग उतरवला लॉफ्टस आणि पामर यांच्या १९७४च्या प्रयोगाने. विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? प्रश्नातलं क्रियापद प्रत्येक गटाला वेगळं. गाड्या "एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या" अशा धाटणीच्या प्रश्नाला सरासरी उत्तर ताशी ४० मैलांच्या थोडं वर; नुसता "संपर्क आला" म्हटलं तर ३१.८. आठवड्यानंतर दुसऱ्या गटांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. तरी "चक्काचूर"वाल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती दिसली होती. "धडकल्या" असं ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक पोरगा रडत आला. माझ्या तोंडावर प्रश्न तयार होता, "कुणी ढकललं तुला?" हाच प्रश्न मी रोज विचारत आले होते, आणि रोज कुणीतरी ढकललेलं निघायचं. त्या दिवसापासून मी फक्त "काय झालं?" विचारते. उत्तर यायला वेळ लागतो, गोष्ट लांबते, आणि बऱ्याचदा बुटाची नाडी सुटलेली असते.

आई-बाळाच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या बाउल्बी आणि एन्सवर्थ यांच्याशी माझं इतकं सहज जमलं नाही. एन्सवर्थबाईंच्या प्रयोगात साधारण वर्षाच्या बाळाला अनोळखी खोलीत आईपासून थोडा वेळ दूर करतात आणि आई परतल्यावर ते कसं वागतं त्यावरून नात्याचा प्रकार ठरवतात. मी वर्गात म्हटलं, सांगलीच्या आमच्या घरात बाळ आजी, काकू, शेजारीण अशा मांड्यांवरून फिरायचं. त्याची परीक्षा या खोलीत कशी घेणार? प्राध्यापकांनी मान डोलावली आणि विचारलं, "हे एक घर झालं. अभ्यास कुठला?" मग शोधला. जपानमध्ये, जिथे तान्ही बाळं आईपासून क्वचितच दूर होतात, तिथे हीच चाचणी घेतल्यावर बाळं फार जास्त घाबरीघुबरी झाल्याचं ताकाहाशी यांनी दाखवलं होतं. हेन्रिक आणि सहकाऱ्यांचा २०१०चा लेखही तेव्हाच हाती लागला: मानसशास्त्राचे बरेच निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, सधन समाजातल्या माणसांवरून काढलेत आणि ते सगळ्या जगाला लावलेत. माझा मुद्दा चुकीचा नव्हता. त्याला उभं राहायला जागा हवी होती.

संख्याशास्त्राला वर्गातली पोरं घाबरली, मी नाही. बारावीला मी प्रमाण विचलन हाताने काढलं होतं, पैकीच्या पैकी मार्कही मिळवले होते. ते कशाला काढतात हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शेवटच्या सत्रात छोटा प्रयोग करायचा होता. मी स्ट्रूपचा १९३५चा प्रयोग देवनागरीत केला: "लाल" हा शब्द हिरव्या शाईत छापायचा आणि शाईचा रंग सांगायला लावायचा. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की जीभ अडखळते. मराठी वाचणारे एका गटात, मराठी बोलणारे पण देवनागरी न वाचणारे दुसऱ्यात. सगळे प्रौढ हवेत, संमतीपत्रावर सही हवी, मधेच सोडून जायची मुभा हवी. गणपतीत ओळख झालेल्या एका काकांनी तो कागद पाहून डोळे वटारले. "अगं, सही कसली घेतेस? घरचीच माणसं ना आपण?" सही केली, अडखळले आणि म्हणाले, "हे धरू नकोस, परत घे." परत घेता येत नाही म्हटल्यावर जरा रुसले.

घरी लेकीने तोच तक्ता हातात घेतला. ती मराठी घडाघडा बोलते, वाचता येत नाही. एकदाही न थांबता तिने रंग म्हणून दाखवले आणि वर विचारलं, "आई, यात अवघड काय आहे?" ती अठराच्या आतली, म्हणून तिचा आकडा अहवालात घेता आला नाही; पण माझ्या माहितीतला तोच सर्वांत देखणा आकडा होता. अहवालाला ६६ मिळाले. शेरा: इतक्या कमी माणसांवरून इतकं मोठं विधान करू नये.

आता पदवीचं पहिलं वर्ष चालू आहे. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ ही उपाधी इथे कायद्याने राखीव आहे. नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' मात्र कुणीही दारावर लावू शकतो. माझी पदवी ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेली आहे, हे मी अर्जाआधी तपासलं होतं. ओळखीतल्या मुलांनाही तेवढं तपासायला सांगते. पदवी निदान द्वितीय श्रेणीत हवी, पुढे तीन वर्षांची डॉक्टरेट, तिच्या थोड्या जागा आणि ढीगभर अर्ज. त्या अर्जात मुलांबरोबर काम केल्याचा अनुभव विचारतात. तेवढा एक रकाना मी आजही भरू शकते.