पेटीतल्या पावत्या

वाचकहो, तुमच्या घरी माळवदाच्या खोलीत किंवा देवघराच्या कोनाड्यात एखादी पत्र्याची पेटी असेल. तीत जुने पिवळे कागद असतील. ते चुलीत घालण्याआधी माझी हकिकत ऐका.

आमचे गाव सेलू तालुक्यात. आजोबांच्या हाती वीस एकर होते, वडिलांकडे सहा आले. "तुझ्या आजानं पत्त्यांत शेत घातलं," असे वडील म्हणत. तेच मी माझ्या मुलांना ऐकवले.

गेल्या वर्षी नात परभणीच्या कॉलेजातून सुटीला आली. अर्थशास्त्राच्या सरांनी काम दिले होते : घरचे जुने कागद वाचून त्या काळचा संसार मांडा. मी हसलो. म्हटले, "पोरी, इतिहास राजांचा असतो. कुणब्याच्या पावतीचा कसला?"

"आबा, आर्थिक इतिहास तिथूनच सुरू होतो," ती म्हणाली. मग तिने धनंजयराव गाडगीळांचे सांगितले. भारताच्या उद्योगधंद्यांच्या वाटचालीवर त्यांनी १९२४ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. पुढे पुण्यात १९३० साली निघालेल्या गोखले संस्थेचे काम त्यांनी पाहिले आणि वाई तालुक्यातल्या शेतकऱ्यांचे जमाखर्चही अभ्यासले.

पेटी उघडली. साऱ्याच्या पावत्या उर्दूत होत्या. गावातल्या मौलवीसाहेबांनी त्या वाचून दिल्या. साल निघाले १३३८ आणि १३४०! मी चक्रावलो. नात म्हणाली, "हे निजामाचं फसली साल. ५९० मिळवा." म्हणजे १९२८ आणि १९३०. रुपयेही हाली शिक्क्याचे; सात हाली म्हणजे इंग्रजी सहा.

सारा दोन्ही साली तेवढाच होता. आडत्याच्या पट्ट्या मात्र मोडीत होत्या. त्या सरांनी वाचल्या. दुसऱ्या वर्षी कापसाचा भाव निम्म्यावर आलेला!

असे का झाले? १९२९ च्या अखेरीस अमेरिकेतला शेअरबाजार कोसळला, मंदी पसरली आणि जगभर शेतमालाचे भाव पडले. सेलूचा कापूसही त्यातून सुटला नाही. सारा रोख भरायचा, म्हणजे तेवढ्याच साऱ्यासाठी दुप्पट कापूस विकणे आले. त्याच्याच खाली सावकाराचे कर्जखत सापडले, आणि त्याखाली सहा एकरांचे खरेदीखत.

आजोबा पत्ते खेळत नसतील असे मी म्हणत नाही. पण ते सहा एकर पत्त्यांनी खाल्ले नाहीत. वडील हे न कळताच गेले. बापाविषयी राग धरून गेले.

सरांनी विचारले, "पुढच्या सालांचे कागद?" माझी मान खाली गेली. घर बांधताना अर्धी पेटी मी रद्दीत घातली होती. किलोच्या भावाने! उरलेले आठ एकर कसे गेले, ते आता कोणालाच कळणार नाही.

म्हणून विनंती आहे. यंदा दिवाळीची साफसफाई करताना पेटी रिकामी करू नका. कागदांना ऊन दाखवा, कडुनिंबाचा पाला घाला, गावात कोणी उर्दू किंवा मोडी जाणणारे असेल तर ते आहेत तोवर वाचून घ्या. आणि आजच्या सोयाबीनच्या पट्ट्या, खताची बिले, सोसायटीच्या पावत्याही जपून ठेवा. उद्या आपली नातवंडे विचारतील, "आबांनी शेत का विकलं?" तेव्हा उत्तर द्यायला आपण नसू, कागद असला पाहिजे.