‘नेल’ : एका नादाचे भाषांतर

इंग्रजीतील ‘नेल’ हा शब्द (खिळ्याचा नव्हे, घंटेचा) भाषांतराच्या तासाला आला की माझे मराठी विद्यार्थी ‘मृत्युघंटा’ हा पर्याय निःशंकपणे पुढे करतात. वृत्तपत्रीय अग्रलेखांनी तो रूढ केलेला आहे. मला मात्र तो दरवेळी अडखळवतो.

जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या क्रियापदरूपाचा अर्थ आघात करणे, घंटा वाजविणे एवढाच होता. मरणाची छाया त्यावर पडली ती चर्चमधील रिवाजामुळे. गावात कोणी निवर्तले की घंटेवर संथ टोले पडत. कित्येक ठिकाणी त्यांच्या संख्येवरून पुरुष गेला की स्त्री, हे शेतात राबणाऱ्यालाही कळे. नाद हाच निरोप असे. टॉमस ग्रे याच्या १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या विलापिकेत हा शब्द पहिल्याच ओळीत येतो, पण तेथे टोले पडतात ते मावळत्या दिवसासाठी. ‘मृत्युघंटा’ म्हणताच ही संदिग्ध सांज नाहीशी होते आणि स्मशान तेवढे उरते. उलट ‘घंटानाद’ म्हणावे, तर डोळ्यांपुढे काकडआरती उभी राहते.

माझे वडील गेले त्या पहाटे आमच्या आळीतील देवळाची घंटा वाजली नाही. प्रेत उचलले जाईपर्यंत पूजा थांबली होती. पलीकडच्या आळीतील लोकांना त्या न वाजलेल्या घंटेनेच वार्ता कळविली. इंग्लंडमधील खेड्यात मरण घंटेला बोलते करी. आमच्याकडे ते तिला गप्प करते. वसईतील किंवा गोव्यातील ख्रिस्ती वाचकाला चर्चच्या घंटेचा हा अर्थ परका वाटणार नाही. परंतु इतर बहुसंख्य मराठी वाचकांच्या कानांनी ‘मृत्युघंटा’ कधी ऐकलेलीच नाही. आपण रूपक घेतले, नाद मात्र घेतला नाही.

म्हणून मी ‘टोला’ हा साधा शब्द पसंत करतो. आघात आणि त्यातून उठणारा नाद हे दोन्ही अर्थ त्यात, त्या जुन्या इंग्रजी धातूप्रमाणेच, एकत्र नांदतात. इंग्रजी ‘टोल’शी त्याचे जुळणारे रूप हा योगायोगच समजावा; त्यावरून व्युत्पत्तीचे इमले रचू नयेत. टोल्यात मरण आधीच सांगितलेले नसते. टोला कशाचा, हे संदर्भाने ठरते, आणि दोन टोल्यांमधील शांतता वाचकाच्या वाट्याला येते. आमच्या कानांना मरण त्या शांततेतच ओळखीचे आहे.