सभागृहातील नवे पाऊल

काही वर्षांपूर्वी मी आमच्या कर्मचारी पतपेढीच्या संचालक मंडळावर निवडून आलो. बी.कॉम. झालेला, हिशेब कळणारा, त्यामुळे डोक्यात थोडी हवा शिरली होती. पहिल्याच सभेत कर्जाच्या व्याजाचा विषय मी आवाज चढवून मांडला. अध्यक्षांनी शांतपणे विचारले, "हा विषय विषयपत्रिकेवर कुठे आहे?" मी गप्प झालो. सभा सुटल्यावर एक जुने संचालक जवळ आले. म्हणाले, "अरे, तुझं म्हणणं खरं आहे. आधी रीतसर पत्र दिलं असतंस, तर त्यांना टाळता आलं नसतं. मला विचारायचं तरी!" पुढच्या सभेला मी पत्र दिले, अनुमोदन त्यांनीच दिले. व्याज अर्ध्या टक्क्याने उतरले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राची विधानसभा निवडली गेली. २८८ जणांत कित्येक जण प्रथमच आमदार झाले. तेव्हा मला माझी ती फजिती आठवली आणि बाबासाहेबांचे उदाहरणही आठवले.

१९२७ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात नवे सभासद म्हणून बसले. ते निवडून नव्हे, तर सरकारनियुक्त म्हणून आले होते. विद्वत्तेत त्यांची बरोबरी करणारे तिथे किती होते? तरीही आधीच्या माणसाने केलेले काम त्यांनी कमी लेखले नाही. सीताराम केशव बोले हे वयाने ज्येष्ठ आणि कौन्सिलातले जुने सभासद. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा त्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला होता. ठराव कागदावरच राहिला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन बाबासाहेबांनी त्या कागदात प्राण ओतला. जुन्याने पाया घातला, नव्याने त्यावर भिंत उभारली.

पण ज्येष्ठांचा मान ठेवणे म्हणजे त्यांच्यापुढे मान डोलावणे नव्हे. सायमन कमिशनबरोबर काम करण्यासाठी कौन्सिलाने नेमलेल्या समितीत बाबासाहेब होते. सहकाऱ्यांचा अहवाल पटला नाही, तेव्हा त्यांनी त्यावर सही केली नाही. मे १९२९ मध्ये स्वतःचा वेगळा अहवाल कारणांसह सादर केला. त्यांनी वाद घातला तो मुद्द्यांनी, आरडाओरडा करून नव्हे.

म्हणून नव्या आमदारांना माझे सांगणे आहे. पहिल्या अधिवेशनात वही घेऊन जुन्या सभासदाजवळ बसा, मग तो विरोधी पक्षाचा का असेना. तारांकित प्रश्न कधी द्यावा, लक्षवेधी कशी मांडावी, कपात सूचना कुठे लागते, हे त्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. मात्र तो "हे असेच चालते" म्हणाला, तर तेवढे ऐकू नका.

आपल्या मुलाची शिष्यवृत्ती अडली आणि तो प्रश्न चुकीच्या पद्धतीने मांडल्यामुळे बाजूला पडला, तर आमदाराचे काय जाते? त्या मुलाचे वर्ष जाते.

बंधू-भगिनींनो, मत देऊन आपले काम संपत नाही. आपला आमदार भेटला की हार घालण्याआधी एवढे विचारा, "साहेब, सभागृहात कोणाकडून काय शिकलात?"