सायकलस्वाराचे पावसाळी प्रावरण

कोथरूडहून लष्कर भागातील कचेरीपर्यंतचा सुमारे नऊ किलोमीटरांचा रस्ता सायकलने रोज कापणाऱ्या मनुष्यास मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास जो प्रश्न पडतो, तो दिसावयास क्षुल्लक असला तरी पुढील चार महिन्यांतील त्याची प्रकृती, हजेरीपटावरील त्याची वेळ आणि सायकलीवरील त्याची निष्ठा या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात, असे मी पुष्कळ वर्षांच्या वहिवाटीवरून निश्चयाने म्हणू शकतो. पावसात अंगावर काय घालावे, एवढाच तो प्रश्न. माझ्या परिचयातील कित्येक उत्साही सायकलस्वार जून उजाडताच सायकल जिन्याखाली लावून बसच्या रांगेत जाऊन उभे राहतात, आणि त्यांना कारण विचारले तर खड्ड्यांचे किंवा पावसाचे नव्हे, रेनकोटाचेच गाऱ्हाणे ऐकावयास मिळते. रेनकोट घातला तरी माणूस भिजतो तो भिजतोच, असे त्यांचे म्हणणे असते. आणि ते अक्षरशः खरे आहे.

ते का खरे आहे, हे समजून घेतल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये. पायडल मारणाऱ्या मनुष्याच्या स्नायूंत जी शक्ती खर्च होते तिचा फार तर चौथा हिस्सा चाक फिरवण्याच्या कामी येतो, आणि बाकीचे तीन हिस्से उष्णतेच्या रूपाने देहातच राहतात. ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी घाम येतो, परंतु तो नुसता येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो, कारण एक लिटर घाम सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातो, आणि तोच घाम प्लॅस्टिकच्या आवरणाखाली कोंडला गेला म्हणजे उष्णता जिथल्या तिथे राहून देह अधिकच घाम सोडू लागतो. पाऊण तासाच्या प्रवासात पाव लिटर घाम सहज निघतो, आणि तेवढे पाणी सदऱ्यात मुरले की ते आभाळातून आले की अंगातून, याला काही अर्थ उरत नाही. स्कूटरवर स्वस्थ बसून जाणाऱ्या गृहस्थास ही अडचण नाही. त्याच्यासाठी शिवलेला, गळ्यापासून घोट्यापर्यंत बंद असा रेनकोट त्याच्यापुरता निर्दोष असतो, परंतु आपल्या बाजारपेठेतील सारी तजवीज त्याच्यासाठीच झालेली असते, आणि बोहरी आळीतला दुकानदार “काका, गाडी कुठली?” असे विचारून, “सायकल” हे उत्तर ऐकल्यावरही तोच दोन तुकड्यांचा सूट पुढे सरकवतो.

पाऊस कोणत्या जातीचा आहे, हेही पाहावयास हवे. पुण्यात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत २००० च्या वर आणि महाबळेश्वरी ५००० च्याही वर. सह्याद्रीने पाणी उतरवून घेतल्यानंतर उरलेला ढग आमच्या वाट्याला येतो, आणि म्हणून आषाढ-श्रावणातला पुण्याचा पाऊस हा बहुतांशी भुरभुरणारा, तासन्‌तास चालणारा, परंतु जोर नसलेला पाऊस असतो. वैशाखअखेरचा वळीव आणि आश्विनातला परतीचा पाऊस यांची गोष्ट निराळी. ते बहुधा दुपार कलल्यावर येतात, तासाभरात रस्त्याचा ओढा करतात, आणि त्यांच्यापुढे कोणत्याही वस्त्राचा टिकाव लागत नाही; तेव्हा सायकलस्वाराने मुकाट्याने एखाद्या दुकानाच्या वळचणीस उभे राहावे, हेच श्रेयस्कर. वस्त्राची निवड करावयाची ती त्या मधल्या, रोजच्या, संथ पावसासाठी. त्या दिवसांत पुण्याची हवा बावीस ते अठ्ठावीस अंशांच्या दरम्यान, म्हणजे थंड मुळीच नसते, आणि बाष्पाने मात्र जवळजवळ तुडुंब भरलेली असते. परदेशी बनावटीच्या वस्त्रांचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

कारण त्या वस्त्रांचा इतिहास हा थंड मुलखाचा इतिहास आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली नॅफ्थ्यात विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मध्ये पसरून जलाभेद्य वस्त्राचे पेटंट घेतले. ते वस्त्र थंडीत ताठर होई आणि उन्हात चिकट. पुढे १८४० नंतरच्या दशकात हॅन्कॉक आणि गुडइयर यांनी रबरास गंधकाचा संस्कार दिल्यावर तो दोष गेला. आमच्याकडे कलकत्त्यास सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली बेंगॉल वॉटरप्रूफचा कारखाना काढला, आणि त्यांचा डकबॅक रेनकोट दोन पिढ्यांच्या खुंट्यांवर लोंबकळला. ही सारी वस्त्रे पाण्यास आत येऊ देत नाहीत हे खरे, पण वाफेसही बाहेर जाऊ देत नाहीत. तो पेच सोडवला तो १९६९ साली, जेव्हा अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनचा पदार्थ झटक्याने ताणून त्याचे असंख्य सूक्ष्म रंध्रांचे पटल तयार केले. त्यातील रंध्र पाण्याच्या थेंबाहून सुमारे वीस हजार पटींनी लहान, परंतु वाफेच्या कणाहून शेकडो पटींनी मोठे. गोर-टेक्स या नावाने ते जगभर गेले. या शोधाविषयी मला मनःपूर्वक आदर आहे, आणि हिमालयात जाणाऱ्याने ते वस्त्र खुशाल घ्यावे. परंतु वाफ त्या रंध्रांतून बाहेर पडते ती आतील आणि बाहेरील बाष्पाच्या दाबात जो फरक असतो त्याच्या बळावर. इंग्लंडातील दहा अंशांच्या हवेत तो फरक भरपूर असतो, आणि आषाढातल्या पुण्यात तो जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यातून बाहेरचे कापड एकदा पावसाने ओथंबले की उरलासुरला मार्गही मंदावतो. त्या वस्त्रासाठी मोठी रक्कम मोजून आपल्या पदरी पुन्हा घामच यावयाचा असेल, तर तो सौदा आतबट्ट्याचा होय.

मला उत्तर सापडले ते कोकणातल्या भातखाचरांत. लावणी करणाऱ्या बायका पाठीवर जे इरले घेतात, त्याची रचना पाहावी: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे थर, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकलेली आणि पोटाकडची बाजू सबंध उघडी. वाकून, हात चिखलात घालून, दिवसभर कष्टाचे काम करणाऱ्या देहासाठी योजलेले हे प्रावरण अंगास कोठेही चिकटत नाही; पाणी वरच्यावर निथळते आणि खालून वारा खेळता राहतो. ते कातड्यासारखे अंगावर ओढलेले नसून छपरासारखे अंगावर धरलेले असते. सायकलस्वार हाही वाकून कष्ट करणारा जीव आहे, आणि विलायतेतील जुने सायकलस्वार जी केप वापरीत ती याच तत्त्वाची: गळ्यातून घातलेला एक घेरदार अंगरखा, ज्याची पुढची कड दोन्ही हातांच्या अंगठ्यांत अडकवून हँडलावर ताणून धरावयाची आणि मागची कड बैठकीच्या मागे सोडावयाची. मांड्या, हात आणि हँडल ही तिन्ही त्याखाली झाकली जातात आणि खालची बाजू सताड उघडी राहते.

अशी केप पुण्यात तयार मिळणे दुर्घट, म्हणून डोंगरभटक्यांच्या दुकानातील पाँचो घेऊन तो सुधारून घ्यावा, हा माझा शिरस्ता. पाँचो उभ्याने अंगाला लावून पाहू नये. दुकानातल्या स्टुलावर बसावे, हँडल धरल्यासारखे हात पुढे करावे, आणि पुढची कड मनगटापलीकडे चांगली वीतभर जाते की नाही, पाठीमागची कड बैठकीखाली उतरते की नाही, हे दुसऱ्याकडून पाहून घ्यावे. मग वस्त्र उलटे करून शिवणी उजेडासमोर धराव्या. सुईच्या छिद्रांतून उजेडाचे ठिपके दिसले की त्या वाटेने पाणी येणारच, मग चिठ्ठीवर पाण्याच्या स्तंभाचा आकडा पाच हजार मिलिमीटर असो की दहा हजार. तो आकडा कापडाच्या तुकड्याचा असतो, शिवलेल्या वस्त्राचा नव्हे. डोक्यावरची टोपी मान वळवल्यावर मानेबरोबर वळली पाहिजे, नाहीतर मागून येणारी बस पाहण्यासाठी वळलेल्या डोळ्यांपुढे तिचेच अस्तर येते. चष्मा असेल तर टोपीखाली झापेची साधी कॅप घालावी. रंग पिवळा किंवा नारिंगी. पावसाच्या संध्याकाळी स्वारगेटच्या चौकात करडा मनुष्य कोणालाही दिसत नाही, आणि या एका बाबतीत मी कोणाच्या आवडीनिवडीची भीड ठेवीत नाही.

सुधारणा दोनच. पुढच्या कडेस आतून अंगठ्यांसाठी दोन फास, आणि पाठीच्या मध्यावर आतून एक नाडी, जी पुढे आणून कमरेस बांधावयाची. पावसाळी वारा पश्चिमेचा, आणि सकाळचा माझा प्रवास पूर्वेकडे. म्हात्रे पुलावर नदीच्या मोकळ्यातून तो वारा पाठीमागून घुसला म्हणजे नाडी नसलेली केप उलटी होऊन डोक्यावर येते. फास आमच्या आळीतला शिंपी लावून देतो. सुईने जी नवी छिद्रे पडतात ती, वस्त्र रबर चढवलेले असेल तर, सायकलच्या दुकानात पंक्चरसाठी वापरतात त्याच सोल्युशनने बुजतात. बोटाने पातळ थर द्यावा, वाळू द्यावा, पुन्हा द्यावा. प्लॅस्टिक चढवलेल्या कापडावर मात्र ते धरत नाही, तेव्हा शिवण झाल्यावर वरून चिकटपट्टी लावून घ्यावी लागते. रस्त्यावर दोन हातांच्या मध्ये केपेची खोळ होऊन तीत पाणी साचते. दर सिग्नलला एक हात उचलून ते बाहेर सांडावे. वळण्याची खूण करावयाची असेल तर हात केपेबाहेर काढून, पुरता लांब करून करावी. हँडलावरचा दिवा झाकला जातो, यास्तव तो खाली फोर्काच्या दांडीवर बसवावा.

कमरेखालच्या भागाविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण तेथे वस्त्र जितके कमी तितके बरे. पाण्यात जीन म्हणजे ओझे. नायलॉनची अर्धी विजार लवकर वाळते, आणि उघडा गुडघा पंचाने पुसला की कोरडा होतो. पायांत मोजे नकोत, कातडी बूट तर नकोतच. रबरी सँडल घालावे. चाकांना पुरते मडगार्ड आणि पुढच्या मडगार्डाला जमिनीपासून चार बोटांवर येणारी रबरी पट्टी असली म्हणजे रस्त्यावरचा चिखल पायांपर्यंत येतच नाही, आणि माझ्या मते ही पट्टी महागड्या पावसाळी विजारीपेक्षा अधिक उपयोगाची आहे.

कचेरीत कोरडे पोहोचण्याचा अट्टहास या सर्व योजनेत नाही. कचेरीत कोरडे बसण्याची तरतूद आहे. कचेरीचे कपडे घडी करून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, तोंडे उलटसुलट करून, घातलेले असतात. बूट कपाटाच्या खालच्या खणात कायमचे मुक्कामास. हजेरीच्या वेळेआधी पंधरा मिनिटे पोहोचावे, घाम निवू द्यावा, अंग पुसावे आणि मगच कपडे बदलावे. घाई करून गरम अंगावर चढवलेला सदरा पुन्हा ओला होतो. हे कपडे बदलणे आमच्या एका वयोवृद्ध शिरस्तेदारांस प्रथम अप्रशस्त वाटले होते, पण पुढे त्यांनीच ओली वस्त्रे टांगण्यासाठी जिन्याखालच्या भिंतीत चार खुंट्या ठोकून घेण्याची दरखास्त वर पाठवली, आणि ती मंजूरही झाली.

संध्याकाळी सारा हिशेब फिरतो. वारा समोरून येतो, केपेचे शीड होते, आणि कर्वे रस्त्याचा चढ दुप्पट वाटू लागतो. त्या वेळी मी केप घडी करून कॅरिअरला लावतो, अंगात पातळ, वारा अडवणारा विंडचीटर घालतो आणि भिजत घरी येतो, कारण घरी गरम पाणी आहे, कोरडा पंचा आहे आणि कोणाच्याही पुढे रुजू व्हावयाचे नाही. आल्याबरोबर केप मात्र मोरीत साध्या पाण्याने धुऊन, साबण न लावता, सावलीत पसरून टाकावी. ओली घडी एक रात्र राहिली तरी बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते जात नाहीत. दसऱ्याच्या सुमारास पाऊस उलगडला म्हणजे रबरी केपेस आतून-बाहेरून शंखजिऱ्याची पूड चोळावी आणि घडी न घालता काठीवर सैल गुंडाळून ठेवावी, म्हणजे पुढल्या जूनमध्ये तिचे पापुद्रे एकमेकांस चिकटलेले निघत नाहीत.