डिफरन्शियलला वेल्डिंग मारण्याआधी

चि. सई,

तू पाठवलेले गाडीचे फोटो पाहिले. पॉप-अप दिव्यांची जुनी युनोस रोडस्टर, १.६ लिटरचं इंजिन, आणि तीही मागच्या चाकांवर चालणारी. फार आनंद झाला. तुझा प्रश्न असा की ड्रिफ्टिंग शिकायचं तर डिफ लॉक हवा, नवा मेकॅनिकल एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल) बसवायचा तर लाख येनच्या वर जातात, आणि तिथली, जपानमधली पोरं म्हणतात, आतल्या गियरना वेल्डिंग मार की झालं. मारू का?

मार. पण त्या दिवसापासून ती गाडी रस्त्यावर काढायची नाही, आणि काम मी खाली लिहितोय तसंच झालं पाहिजे. या दोन्हींत सूट नाही.

आधी लॉक का लागतो ते नीट समजून घे, कारण तिथली पोरं तुला नुसता उपाय सांगतील. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. तुझ्या गाडीच्या मागच्या दोन चाकांत साधारण १.४ मीटर अंतर आहे. काटकोनात एकदा वळलीस की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.२ मीटर जास्त फिरतं. वळण छोटं असो की मोठं, हा फरक तेवढाच राहतो. कागदावर दोन वर्तुळं काढून पडताळून पाहा. तुझ्या टायरचा घेर १.८ मीटरच्या आसपास, म्हणजे एका कोपऱ्यात एक पूर्ण फेरा आणि वर थोडा. हा फरक निमूटपणे पोटात घालायचं काम डिफरन्शियल करतं.

पण साधा ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. गाडी आडवी जायला लागली की आतल्या चाकावरचा भार हलका होतो, ते जागच्या जागी गरगर फिरतं, आणि ते जेवढा जोर पेलतं तेवढाच बाहेरच्यालाही मिळतो. परिणाम काय, ॲक्सिलरेटर दाबूनही मागचा भाग सरकत राहत नाही, गाडी मध्येच पकड घेते आणि सरळ होते. तुझं इंजिन १२० घोड्यांचं. त्यातला निम्मा जोर धुरात घालवणं तुला परवडणारं नाही. दोन्ही चाकं एकमेकांना जखडली की ती एकदमच सुटतात आणि एकदमच धरतात. शिकणाऱ्याला हीच गोष्ट सोन्यासारखी असते, कारण गाडी प्रत्येक वेळी तशीच वागते. चूक कुणाची, गाडीची की पायाची, हे लगेच कळतं.

वेल्डिंग हा गरिबांचा जुगाड म्हणून मान खाली घालू नकोस. ड्रिफ्टिंग जपानच्या घाटरस्त्यांवर वाढलं ते जुन्या, स्वस्त गाड्यांवरच. कुनिमित्सु ताकाहाशी १९७० च्या दशकात शर्यतीत गाडी आडवी घालून वळणं घ्यायचे. त्यांचं पाहून केइची त्सुचिया शिकला, आणि त्याच्या १९८७ च्या ‘प्लस्पी’ या व्हिडिओनं ते वेड घरोघरी पोचवलं. त्सुचियाची एई८६ म्हणजे साधी टोयोटा कोरोला घराण्यातली गाडी. खिशातले पैसे टायरलाच संपणाऱ्यांचा हा खेळ आहे.

आता आपल्याकडचं सांगतो. ट्रॅक्टरवर उजव्या टाचेजवळ एक छोटा पेडल असतो, तो तू लहानपणी पाहिलायस. उसाच्या फडात चिखलात एक चाक फिरायला लागलं की तो दाबायचा, दोन्ही चाकं जोडली जातात, ट्रॅक्टर बाहेर येतो. आणि वळायच्या आधी पाय काढायचा. हे न शिकवता कुणी पोराच्या हाती ट्रॅक्टर देत नाही. तुझ्या वेल्डिंगला असा पेडल नाही. पाय काढता येत नाही. म्हणून ते २.२ मीटर प्रत्येक कोपऱ्यावर टायर घासूनच भरून काढावे लागतील. पार्किंगमध्ये गाडी उड्या मारेल, चाकं चिरकतील, हाफ शाफ्टना पीळ बसेल, आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जायला बघेल. कोरड्यात हे नुसतं त्रासाचं असतं. पावसात, उतारावर, पाय जरा जास्त पडला की दोन्ही मागची चाकं एकदम सुटतात आणि समोरून येणाऱ्याला ड्रिफ्टिंग शिकायचं नसतं. रस्त्यावर नको म्हणतो ते एवढ्यासाठी.

दुसरे मार्ग आहेत का? आहेत. नंतर आलेल्या १.८ च्या काही गाड्यांत टॉर्सन हा एलएसडीचा प्रकार मिळतो, भंगारातून आणता येतो. पण तुझ्या गाडीला तो जसाच्या तसा बसत नाही, हाफ शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टही त्याच गाडीचे लागतात. शिवाय एक चाक अधांतरी झालं की टॉर्सन हात टेकतो. साइड गियरमागे जाड शिम (चकत्या) घालून डिफ घट्ट करणारेही भेटतील. तो प्रकार मला पटत नाही. थोड्याच दिवसांत शिम झिजतात, डिफ पुन्हा सैल, आणि झिजलेलं सगळं तेलात.

कामाकडे वळू. गाडीखाली झोपून, मागचं झाकण काढून जागेवरच रॉड फिरवणारे असतील. त्यांच्या हाती गाडी देऊ नकोस. डिफ खाली उतरव, आतली, गियर धरणारी केज बाहेर काढ, क्राउन व्हील सोडव, बेअरिंग काढून ठेव. बेअरिंगच्या टोप्या आणि त्यांच्यालगतचे सुटे भाग डाव्या-उजव्या खुणा करूनच ठेवायचे, कारण क्राउन-पिनियनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) त्यांच्यावरच ठरतो. अर्थची क्लॅम्प केजलाच लावायची. करंट बेअरिंगमधून गेला तर बॉल-रोलरवर डाग पडतात आणि ते बेअरिंग पुढे रडायला लागतं.

सगळ्यांत महत्त्वाची सफाई. वर्षानुवर्षं गियर ऑइलमध्ये भिजलेलं लोखंड आहे ते. तेल राहिलं तर वेल्ड जाळीदार होतो. मात्र धुताना डब्यावरचं लेबल वाच. क्लोरीन असलेला क्लीनर अजिबात वापरू नकोस. आर्कच्या उष्णतेनं आणि किरणांनी त्याच्या वाफेचा फॉस्जीन होतो, आणि फॉस्जीन पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू आहे. क्लोरीन नसलेला क्लीनर घे, तोही पूर्ण वाळू दे, आणि दारं-खिडक्या उघड्या ठेव.

हे गियर केस हार्डन केलेले असतात. वरच्या कातडीत कार्बन जास्त, ती काचेसारखी कडक. थंड गियरवर घाईनं वेल्ड मारला की तो दिसायला सुरेख दिसतो आणि शेजारीच केसाएवढी चीर पडते. म्हणून आधी केज साधारण २०० अंशांपर्यंत सगळीकडून सारखी तापव. छोट्या गियरच्या आणि साइड गियरच्या दातांमधल्या फटीत मऊ लोखंडाचे तुकडे बसव, आणि समोरासमोर आलटून पालटून, मुळापर्यंत उतरेल असं वेल्डिंग कर. वरवर मणी ओवून उपयोग नाही. झाल्यावर पाण्यात बुडवायचं नाही, पंख्याखालीही ठेवायचं नाही. कोरड्या वाळूत किंवा चुन्यात पुरून रात्रभर आपोआप निवू दे. सकाळी एकेक ठिणगीचा दाणा छिन्नीनं काढ, चुंबक फिरव, हाफ शाफ्टचे स्प्लाइन आत विनासायास जातात का ते बघ. मग बेअरिंग चढव.

तुझ्या १.६ च्या क्राउन व्हीलचा व्यास जेमतेम ६ इंच आहे, नंतरच्या १.८ ला ७ इंची आलं. एवढीशी गोष्ट, पण लहान क्राउन धक्क्यांना लवकर दात देतं. मूळ इंजिनवर शिकायला ते पुरेल. टर्बोचा विचार मनात आला तर आधी डिफ मोठा कर.

वेल्ड तुटतो तेव्हा आधी सांगून तुटत नाही, पण बहुतेकदा खुणा सोडतो. मागून ‘टक्’ असा आवाज, गाडी हळू वळवताना चिरकणं एकाएकी बंद होणं, तेलात चमचमणारी चूर. सुटलेला तुकडा क्राउन-पिनियनच्या दातांत अडकला तर मागची दोन्ही चाकं जागीच जाम होतात. यांपैकी एकही खूण दिसली तर त्या दिवसाचं चालवणं तिथेच संपलं, मग सर्किटची फी वाया गेली तरी चालेल.

फुकुशिमाच्या एबिसु सर्किटला जायचं म्हणतेस. गाडी ट्रकवर चढवून ने. ट्रकच्या भाड्याला पैसे कमी पडत असतील तर मला कळव, टायरला मागितलेस तर देणार नाही. तुझ्या आईला मी सांगतो, तिची काळजी माझ्यावर सोड. तू फक्त हेल्मेट आणि हार्नेस चांगले घे.

पहिल्या दिवसाचं चालवणं झालं की डिफचं तेल गरम असतानाच पांढऱ्या ताटात काढ आणि त्याचा फोटो मला पाठव. मी बघून सांगेपर्यंत गाडी पुन्हा सर्किटवर घालू नकोस.

तुझा,
मामा
कोल्हापूर